बालशिक्षणाचा भार कोणीं वाहावा ?

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात अशी आपल्या भाषेंतील एक जुनी म्हण आहे. ती उच्चारणाऱ्याच्या मनांत बहुधा मुलाचे जन्मजात गुण असतात. परंतु पाळणा कोणत्या घरीं हालतो, त्या घरीं दोन वेळां अन्न शिजतें कीं नाहीं, मुलाशीं चार शब्द बोलावयास कोणास सवड असते कीं नाहीं, याचा विचार ती म्हण करीत नाहीं. पाय पाळण्यांत दिसतात हें खरें. पण ते पाय पुढें कोणत्या वाटेनें चालणार, हें पाळणा सुटल्यानंतरच्या चारपांच वर्षांत पुष्कळ अंशीं ठरून जातें. त्या वर्षांची जबाबदारी एकट्या आईबापांची कीं साऱ्या समाजाची, हा प्रश्न आमच्या वाचकांपुढें, म्हणजे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढें, मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें उत्तर आरंभींच सांगून टाकतों. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून प्रत्येक मुलास घराजवळच्या सार्वजनिक शाळेंत विनामूल्य बालशिक्षण मिळावें, त्याचा खर्च सरकारी तिजोरींतून व्हावा, आणि ही गोष्ट सरकारच्या मर्जीवर न राहतां कायद्यानें बंधनकारक व्हावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

जूनच्या मध्यास शाळा उघडतात तेव्हां कोणत्याहि पहिल्या इयत्तेच्या वर्गांत जाऊन पाहावें. सहा वर्षांचीं दोन मुलें एकमेकांशेजारीं बसलेलीं असतात. कायद्याच्या दृष्टीनें दोघांचाहि तो शाळेचा पहिला दिवस. परंतु त्यांतील एकानें तीन वर्षें बालवाडींत काढलेलीं असतात. त्याला गाणीं येतात, रंग ओळखतां येतात, खडू धरतां येतो, आणि मुख्य म्हणजे बाईंनीं प्रश्न विचारला असतां भीड न धरतां उत्तर द्यावें हें त्याच्या अंगवळणीं पडलेलें असतें. दुसऱ्यानें आजवरचे दिवस आईच्या पाठोपाठ उसाच्या फडांत, वीटभट्टीवर किंवा शेताच्या बांधावर घालविलेले असतात. तें मूल अडाणी मुळींच नव्हे. पाखरें कोणतीं, झाडें कोणतीं, शेळी कशी वळवावी, हें त्याला शेजारच्या मुलापेक्षां अधिक ठाऊक असतें. परंतु शाळा जें विचारते तें त्याला कोणीं दाखविलेलें नसतें, आणि त्याला जें येतें तें शाळा विचारीत नाहीं. दोघांची शर्यत एकाच रेषेवरून सुरू झाली असें आपण समजतों. वस्तुतः एक जण तीन वर्षें आधीं निघालेला असतो. पुढें चौथ्या इयत्तेंत मागें पडलेल्या त्या दुसऱ्या मुलास आपण ‘ढ’ म्हणून मोकळे होतों.

मनुष्याच्या मेंदूची बहुतेक वाढ लहानपणींच होते, ही गोष्ट आतां शास्त्रज्ञांपुरती राहिलेली नाहीं. भारत सरकारच्या २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतहि ती नमूद आहे. मेंदूच्या एकूण वाढीपैकीं ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहा वर्षांपूर्वीं होते, असें तें धोरण सांगतें. म्हणजे ज्या वयांत मुलास सर्वांत अधिक द्यावयास हवें, त्याच वयांत आपली सार्वजनिक शाळा आपलें दार लावून बसलेली असते.

बालशिक्षणाची कल्पना मूळ कोणासाठीं निघाली हें पाहणें येथें उपयुक्त होईल. जर्मनींत फ्रीड्रिख फ्रोबेल यानें १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांची संस्था काढली व १८४० सालीं तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असें नांव दिलें. आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेंत गेल्या असतां त्यांनीं ही पद्धति मुद्दाम शिकून घेतली होती. पुढें १९०७ सालीं रोम शहरांत डॉक्टर मारिया माँटेसरी यांनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें, तें सान लोरेन्झो नांवाच्या गरीब वस्तींतील मजुरांच्या मुलांसाठीं. लंडनमधील डेप्टफर्ड भागांत मॅकमिलन भगिनींनीं १९१४ सालीं उघड्या हवेवरील बालशाळा काढली, तीहि कष्टकऱ्यांच्या मुलांसाठींच. आज ‘किंडरगार्टन’ व ‘माँटेसरी’ हीं नांवें आपल्या शहरांतून कोणत्या दारांवर लटकतात तें वाचकांनींच पाहावें. जें औषध दुर्बळासाठीं काढलें तें सबळाच्या घरीं गेलें, आणि दुर्बळ होता तेथेंच राहिला.

आपल्याकडे हा ओघ उलट फिरविण्याचें श्रेय मुख्यत्वें तीन व्यक्तींस आहे. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगर येथें दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर सुरू केलें. ताराबाई मोडक १९२३ सालीं त्यांना जाऊन मिळाल्या, आणि १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढें १९४५ सालीं ताराबाईंनीं ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें केंद्र काढलें. बोर्डी आतां पालघर जिल्ह्यांत येतें. तेथें अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. महागडीं परदेशी साधनें बाजूस ठेवून बिया, शिंपले, पानें, खडे यांतूनच त्यांनीं शिक्षणाचीं साधनें बनविलीं. सर्वांत मोठी गोष्ट अशी कीं, गरीब वस्तींतील मुलें बालवाडींत येत नाहींत असें दिसतांच, ‘हे लोकच मागासलेले’ असा शेरा मारून त्या स्वस्थ बसल्या नाहींत. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाच्या अंगणांत जावें, असें त्यांनीं ठरविलें. तीच अंगणवाडी. पुढें कोसबाडच्या टेकडीवर, गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांतच शाळा भरविण्याचा प्रयोगहि त्यांनीं केला. जवळच्या शाळेचें तत्त्व याहून सोप्या शब्दांत सांगतां येणार नाहीं.

सरकारनें हा शब्द उचलला. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांतील ३३ विभागांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांस अंगणवाडी हें नांव मिळालें. आज देशांत सुमारें १४ लक्ष अंगणवाड्या आहेत. एवढें मोठें जाळें विणलें गेलें ही लहान गोष्ट नव्हे, आणि तिची थट्टा करणारांत आम्ही नाहीं. परंतु या योजनेकडे सहा कामें सोपविलेलीं आहेत : पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, आजारी मुलास दवाखान्याकडे धाडणें, मातांस आहार व आरोग्य यांची माहिती देणें, आणि बालशिक्षण. हीं सहाहि कामें एक सेविका व एक मदतनीस यांनीं करावयाचीं. मुलांचीं वजनें घ्यावीं, घरोघर फिरावें, नोंदी भराव्या, खिचडी वाटावी, आणि यांतून वेळ उरला तर शिकवावें. सहा कामांपैकीं जें एक काम उद्यावर ढकलतां येतें तें शिक्षणाचें. म्हणून तेंच ढकललें जातें.

या सेविकेस पगार मिळत नाहीं, मानधन मिळतें. शब्द मोठा गोड आहे. त्यांत मान आहे, धन मात्र थोडें. केंद्र सरकारनें ऑक्टोबर १९१८ नव्हे, तर अलीकडे, म्हणजे ऑक्टोबर २०१८ पासून, आपल्या वाट्याचें मानधन ३००० रुपयांवरून ४५०० रुपये केलें. त्यांत राज्यें आपापली भर घालतात. एप्रिल २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या सेविकांस उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला, आणि त्या बालशिक्षणाचें काम करीत आहेत याचाहि उल्लेख केला. न्यायालयास जें दिसलें तें तिजोरीस दिसावें, एवढीच आमची अपेक्षा आहे.

आतां कायद्याकडे वळूं. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हा भाग लक्षपूर्वक वाचावा. भारताच्या राज्यघटनेच्या मूळच्या ४५ व्या कलमांत असें म्हटलें होतें कीं, घटना अमलांत आल्यापासून दहा वर्षांच्या आंत चौदा वर्षें पुरीं होईपर्यंत सर्व मुलांस मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. ‘चौदा वर्षें पुरीं होईपर्यंत’ हे शब्द पाहावे. खालची वयोमर्यादा तेथें घातलेली नव्हती. तीन वर्षांचें मूलहि त्या वचनांत बसत होतें. २००२ सालीं ८६ वी घटनादुरुस्ती झाली. तिनें शिक्षण हा मूलभूत हक्क केला ही आनंदाची गोष्ट. परंतु तो हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता ठेविला, आणि सहा वर्षांखालील मुलांस नव्या ४५ व्या कलमांत, ‘राज्य प्रयत्न करील’ या जुन्याच शब्दांवर सोडून दिलें. थोरल्यांना हक्क मिळाला, धाकट्यांना आश्वासन.

त्यानंतर २००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा आला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या ११ व्या कलमांत तीन वर्षांवरील मुलांच्या मोफत बालशिक्षणाचा उल्लेख आहे. पण तेथें क्रियापद आहे तें ‘करूं शकेल’ असें. सरकार व्यवस्था करूं शकेल ! जें करतां येतें तें न करतांहि येतें, हें कोणास सांगावयास नको. त्याच कायद्याखालील नियमांत पहिली ते पांचवीच्या मुलांसाठीं घरापासून चालत जातां येईल अशा एक किलोमीटरच्या आंत शाळा असावी असें आहे. सहा वर्षांच्या मुलाचे पाय मोजले गेले. तीन वर्षांच्या मुलाचे कोणीं मोजले नाहींत. २०२० च्या धोरणानें तीन ते आठ हीं वर्षें एक सलग पायरी मानिली व २०३० सालापर्यंत बालशिक्षण सर्वांस मिळावें असें ध्येय ठेविलें. ध्येय उत्तम आहे. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे. धोरण मोडलें म्हणून कोणास न्यायालयांत दाद मागतां येत नाहीं.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशाचा. एवढा खर्च सरकारनें आणावा कोठून ? हा आक्षेप नवा नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करतांना महात्मा जोतीराव फुले यांनीं प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचें करावें अशी मागणी केली, आणि शेतकऱ्यांच्या करांतून येणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हें अन्यायाचें म्हणून दाखवून दिलें. १९११ सालीं नामदार गोखले यांनीं प्राथमिक शिक्षणाचें विधेयक आणलें. तें किती बेताचें होतें ! सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती, आणि तीहि स्थानिक संस्थेनें मनावर घेतलें तर. तरीहि १९१२ सालीं १३ विरुद्ध ३८ मतांनीं तें फेटाळलें गेलें. त्या वेळींहि पैसा नाहीं, लोक तयार नाहींत, घाई होत आहे, अशींच कारणें पुढें आलीं. परंतु सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत सक्तीच्या शिक्षणास हात घालून १९०६ सालीं तें साऱ्या बडोदें संस्थानास लागू केलें होतें, आणि शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत तोच मार्ग धरिला. मोठ्या साम्राज्यास जें परवडलें नाहीं तें संस्थानांस परवडलें. पैसा होता कीं नव्हता हा प्रश्न नव्हता. तो कशावर खर्चावा हा होता. आजहि तोच आहे. कोठारी आयोगानें १९६६ सालच्या आपल्या अहवालांत राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्चावे असें सुचविलें. २०२० च्या धोरणानेंहि तोच आंकडा पुन्हां उच्चारिला. जो आंकडा अर्धशतकानंतर पुन्हां उच्चारावा लागतो तो अद्याप गांठलेला नाहीं, हें उघड आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, तीन वर्षांच्या मुलास आईची मांडीच खरी शाळा. आईच्या मांडीचें मोल आम्हांस मान्य आहे. परंतु जी माता पहाटे मजुरीस जाते तिची मांडी मुलाच्या वाट्यास किती वेळ येते ? त्या वेळांत मूल सांभाळतें कोण ? बहुधा त्याची आठदहा वर्षांची बहीण. धाकट्या भावास कडेवर घेऊन दारांत उभी राहिलेली मुलगी आपण सर्वांनीं पाहिली आहे, आणि ‘किती गुणी मुलगी’ असें कौतुकहि केलें आहे. परंतु ती त्या वेळीं स्वतःच्या वर्गांत असावयास हवी होती. हजेरीपत्रकांत तिच्या नांवापुढें जी गैरहजेरी पडते तिचें कारण पुष्कळदां आळस नसून तिच्या कडेवरचा भाऊ असतो. शाळेच्याच आवारांत बालवर्ग असेल तर सकाळीं दोघें हात धरून येतील. धाकटा आपल्या वर्गांत जाईल, थोरली आपल्या. एका बालवर्गाच्या खर्चांत दोन मुलांचें शिक्षण होतें, हा हिशेब कोणत्याहि अंदाजपत्रकांत मांडलेला आमच्या पाहण्यांत नाहीं.

तिसरा आक्षेप सुखवस्तु घरांतून येतो. आम्ही आमच्या मुलांची फी भरतों. सरकारनें गरिबांपुरती सोय करावी, सर्वांसाठीं कशाला? वरवर पाहतां हें समंजस वाटतें. परंतु गरिबांपुरती काढलेली शाळा अखेरीस गरीबच राहते. जेथें वकिलाचें, कारकुनाचें, दुकानदाराचें आणि मजुराचें मूल एका चटईवर बसतें, तेथील गळकें छप्पर लवकर दुरुस्त होतें. कारण ज्याचा शब्द कचेरींत ऐकला जातो त्याचेंहि मूल त्या छपराखालीं असतें. फ्रान्स देशांत २०१९ सालापासून तीन वर्षांच्या वयापासूनच शिक्षण सक्तीचें झालें आहे, आणि तेथें सार्वजनिक बालशाळा ही सर्वांची शाळा समजली जाते. दानधर्म म्हणून दिलेलें आणि हक्क म्हणून मिळालेलें यांत जें अंतर आहे तें घेणाऱ्या मुलास फार लवकर कळतें.

बालशिक्षणाचा खरोखर उपयोग होतो काय, असेंहि कोणी विचारील. अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत इप्सिलँटी गांवीं १९६२ सालीं एक प्रयोग सुरू झाला. गरीब कृष्णवर्णीय घरांतील १२३ मुलांपैकीं ५८ मुलांस उत्तम बालशाळा मिळाली व ६५ मुलांस मिळाली नाहीं. आणि पुढें चाळिशीपर्यंत त्यांची विचारपूस ठेविली गेली. बालशाळेंत गेलेल्यांपैकीं ७७ टक्के, तर न गेलेल्यांपैकीं ६० टक्के हायस्कूलचा अभ्यास पुरा करूं शकले. पहिल्या गटांतील लोकांच्या हातून गुन्हेहि कमी घडले. परंतु एकच बाजू सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. त्याच देशांत टेनेसी संस्थानाच्या सरकारी बालवर्गांचा अभ्यास २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत बालवर्गांत गेलेलीं मुलें सहाव्या इयत्तेपर्यंत न गेलेल्यांहून मागें पडलेलीं आढळलीं. यावरून बालशिक्षण व्यर्थ असें कोणी ठरवील. आम्ही तसें ठरवीत नाहीं. खोली व पैसा मिळाल्यानें बालशाळा होत नाहीं. तेथें मुलांशीं कसें वागतात यावर सारें अवलंबून असतें, हा त्यांतील धडा आहे. तीन वर्षांच्या मुलास ओळीनें बसवून पाटी गिरवावयास लावणें म्हणजे कळी बोटांनीं उमलविण्यासारखें आहे. ती उमलत नाहीं, फाटते.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. पहिली, कायद्यांतील ‘करूं शकेल’ हे शब्द जाऊन तेथें ‘करील’ हा शब्द यावा. दुसरी, प्रत्येक सरकारी व नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेच्या आवारांत बालवर्ग असावा, अथवा जवळची अंगणवाडी तेथें आणून शाळेशीं जोडावी. जेथें शाळा लांब असेल तेथें मात्र अंगणवाडी वस्तींतच राहावी व तिला शिकविण्यासाठीं स्वतंत्र शिक्षिका मिळावी. तिसरी, त्या शिक्षिकेस पुरेसें प्रशिक्षण व शिक्षिकेस साजेसा पगार असावा. चौथी, तेथें मुलाच्या घरच्या बोलींत गोष्टी, गाणीं, खेळ व बागकाम चालावें. परीक्षा व प्रवेशाच्या मुलाखती तेथें नसाव्या.

पालकांस आमची विनंति आहे कीं, हें सारें सरकार पाहील असें म्हणून त्यांनीं स्वस्थ बसूं नये. शिक्षणहक्काच्या कायद्यानें स्थापिलेल्या शाळा व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे व निम्म्या स्त्रिया असाव्या असा नियम आहे. त्या समितींत, ग्रामसभेंत, आणि मतें मागावयास येणाऱ्या उमेदवारास, एवढेंच विचारावें : आमच्या शाळेंत बालवर्ग केव्हां सुरू होणार ? उत्तर आलें नाहीं तर पुढच्या सभेस पुन्हां विचारावें.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही आज हायस्कुलांत आहां. वाचूं लिहूं लागण्यापूर्वीं कोणी तरी तुमचा हात धरून तुम्हांस गोष्ट सांगितली होती, म्हणून येथवरची वाट तुम्हांस सोपी गेली. ज्याला ती कोणीं सांगितली नाहीं असें मूल तुमच्याच गल्लींत असेल. सुटीच्या दिवशीं त्याला जवळ बसवून एक गोष्ट सांगा. तेवढ्यानें प्रश्न सुटणार नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु ज्यानें असें एखादें मूल जवळून पाहिलें आहे, तो उद्यां मतदार होईल, शिक्षक होईल, कदाचित् कायदा करणाराहि होईल, तेव्हां बालशिक्षणास पैसा नाहीं हें वाक्य तो सहज उच्चारणार नाहीं.